तोंडी सांगा, लिहू नका

“मालिशवाली से किसने पूछा?”

डॉक्टर हे मला म्हणाले नाहीत. सिस्टरला म्हणाले. मी चार नंबरच्या खाटेपाशी, त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होते. सिस्टर हसली. फोनवर बोलत तिथे आलेला पेशंटचा मुलगाही हसला. कशावर हसायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. सगळे हसतायत म्हणून हसला आणि औषधं आणायला निघून गेला.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. साडेचार वर्षं शिकले. गुरुग्राममधल्या एका मोठ्या खासगी हॉस्पिटलात इमर्जन्सीच्या टीममध्ये काम करते. पडून आलेली माणसं, बरगडी मोडलेली, छातीत कफ अडकून धाप लागलेली. यांना उभं करायचं की नाही, घरी सोडलं तर परत पडतील का, हे पाहणं माझं काम. टीमच्या यादीत माझं नाव आहे. पेशंटच्या फाइलीत नाही. तिथे डॉक्टर लिहितात, सिस्टर लिहितात. आम्ही तोंडी सांगायचं. ज्याला ऐकायचं तो ऐकतो.

खाटेवर एक आजी होत्या. मूळ पुण्याच्या. मुलगा इथे आयटीत, अठराव्या मजल्यावर फ्लॅट. सकाळी बाथरूममध्ये पाय घसरला. माझं हिंदी ऐकून त्यांनी लगेच ओळखलं.

“अगंबाई, मराठी का तू? कुठली गं?”

हिंगोलीकडची, म्हटलं. त्यांनी माझा हात घट्ट धरला. या परक्या गावात आपलं माणूस भेटलं म्हणाल्या. मग आडनाव विचारलं. मी सांगितलं.

“अच्छा.”

हात सोडला नाही. सैल झाला. हे सैल होणं मला लहानपणापासून माहीत आहे.

एक्स-रेत हाड मोडलेलं दिसत नव्हतं. डॉक्टरांनी स्नायूचं दुखणं ठरवलं. गोळी द्या, चालवून बघा, घरी पाठवा. मी आजींना पाय सरळ उचलायला सांगितला. टाच गादीवरून सुटेना. टाचेवर मुठीने हलकं ठोकलं, तर कळ थेट जांघेत गेली. खुब्याच्या हाडाला बारीक तडा असेल तर तो पहिल्या एक्स-रेत कधी कधी दिसत नाही. हे मी डॉक्टरांना सांगितलं. एमआरआय होईपर्यंत यांना उभं करू नका, पायावर भार पडला तर हाड सरकेल, असंही सांगितलं. त्यावर ते मालिशवालीचं वाक्य आलं.

मी चालवणार नाही म्हटलं. सिस्टरने आजींना काखेत हात घालून उठवलं. चार पावलं. आजी ओठ चावत चालल्या. मी फाइल उचलली. सिस्टरने ती माझ्या हातातून काढून घेतली.

“फिजियो की एंट्री इसमें नहीं होती, यार. मुँह से बोल दिया ना? बस.”

आणि मी गप्प बसले.

ही माझी शरम आहे, ती लपवत नाही. माझी आई तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात फरशी पुसायची. कोणत्या खाटेवरचा माणूस रात्रभर तळमळला, कोणाचं सलाइन कधीच संपलंय, तिला सगळं दिसायचं. ती बोलली की डॉक्टर म्हणायचे, तू झाडू मार. आमच्या घरी पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. सभांची, मोर्चांची. बाबा आणायचे. मी त्यावरच अक्षरं गिरवली. ‘अन्याय’ हा शब्द मला ‘आगगाडी’च्या आधी वाचता आला. आणि एवढं वाचून मी काय केलं? तोंडी सांगितलं आणि बाजूला झाले.

घरी पाठवलेल्या आजी तिसऱ्या दिवशी ॲम्ब्युलन्समधून परत आल्या. पाय आखूड झालेला, पंजा बाहेर वळलेला. आता एमआरआयची गरज नव्हती. हाड सरकलं होतं. ऑपरेशन ठरलं.

मला इन्चार्ज मॅडमच्या केबिनमध्ये बोलावलं. ते डॉक्टर तिथेच बसले होते. टेबलावर छापील कागद होता. फिजिओथेरपिस्टने पेशंटला चालवले, त्रास आढळला नाही. तारीख आजी पहिल्यांदा आल्या त्या दिवशीची. खाली माझं नाव. ज्या फाइलीत मला एक ओळ लिहू दिली नाही, तिच्यात आता माझ्यासाठी अख्खं पान निघालं होतं.

“बेटा, फॉर्मॅलिटी है. साइन कर दो,” मॅडम म्हणाल्या.

मी कागद घेतला आणि सही न करता आजींच्या खाटेकडे गेले. मागून डॉक्टर आले, मॅडम आल्या. मुलगा तिथेच होता. त्याला आधीच सांगून झालेलं दिसलं.

“तुम्हीच चालवलंत ना आईला?” त्याने विचारलं.

मी आजींकडे पाहिलं. म्हटलं, “आजी, तुम्हाला उभं करू नका म्हणून मी सांगत होते. तुमच्यासमोर. आठवतंय ना?”

आजींनी डॉक्टरांकडे पाहिलं. मग छताकडे.

“मला बाई काही आठवत नाही.”

ऑपरेशन व्हायचं होतं. त्यांना याच लोकांच्या हाती जायचं होतं. त्यांची भीती मला कळते. पण ती माझ्या नावावर का?

मी कागद खाटेच्या कठड्यावर टेकवला आणि छापलेल्या ओळींवर काट मारली. खाली इंग्रजीत लिहिलं, इथे मराठीत सांगते: ‘रुग्णाचा पाय सरळ उचलला जात नव्हता. उभं करू नये, असं मी डॉक्टरांना सांगितलं. मी चालवलं नाही. ज्यांनी चालवलं, त्यांनी सही करावी.’ तारीख लिहिलं त्याच दिवशीची, खरी. वेळही टाकली. मग सही केली.

डॉक्टर म्हणाले, “औकात में रहो.”

मी कागदाचा फोटो काढला. कागद मुलाच्या हातात दिला. तो वाचू लागला. या वेळी तो हसला नाही. माझी बाजूही घेतली नाही.

माझ्यावर चौकशी बसली आहे. सोबतच्या फिजिओ मुली जेवताना लांबच्या टेबलावर बसतात. एकीने समजावलं, कशाला वाढवतेस, सॉरी म्हण, सगळं मिटेल. मिटेल हे मलाही माहीत आहे. अशीच मिटवामिटवी होते, आणि पुढचा पेशंट पुन्हा चार पावलं चालवला जातो.

रोज इमर्जन्सीत जाते. पेशंट तपासते आणि फाइल मागते. नाही दिली तर कोऱ्या कागदावर लिहिते, प्रत ठेवते, मूळ कागद मॅडमच्या टेबलावर देते आणि पोच घेते. पोच द्यायला त्या नाही म्हणाल्या तर तेही लिहिते. मला काढायचं असेल तर काढा. पण तोंडी सांगितलेलं मी ऐकणार नाही. काढण्याचं कारण लिहा, आणि खाली सही करा.