जुन्यावरच ठेवलेलं पॅकेज

शीतल किन्हवलीजवळच्या पाड्यावरची. गावात नेट टिकत नाही, म्हणून शहापुरात एका किराणा दुकानाच्या वर खोली घेऊन ती पुण्यातल्या एका कंपनीचं काम करायची. दवाखान्यांच्या रुग्णांना पुढच्या इंजेक्शनची तारीख कळवणारं ॲप होतं ते. त्यात इतरांनी लिहिलेली कितीतरी तयार पॅकेजं, म्हणजे कोडचे तयार तुकडे, वापरलेली. त्यांत सुधारणा आल्या की त्या तपासून घ्यायच्या, हे शीतलकडे. ॲपची नवी आवृत्ती बाहेर पडायच्या, म्हणजे रिलीजच्या आधी ‘फ्रीझ’ लागला, की मग कुणी कशालाही हात लावायचा नाही.

पूर्वी हे काम ती आणि दीपिका मिळून करायच्या. दोघी दिवसभर कॉल चालू ठेवायच्या. बोलणं थोडंच, पण पलीकडून कुकरची शिट्टी ऐकू यायची. मग कंपनीने माणसं कमी केली, त्यात दीपिका गेली.

या वेळी तारखांचा हिशोब करणारं पॅकेज बदलायचं होतं. ठरलेल्या चाचण्या सगळ्या पास झाल्या, तरी शीतलला चैन पडेना. तिने एका खोट्या रुग्णाला आईचं नाव दिलं, गुणाबाई. इंजेक्शन दर महिन्याला, पहिलं एकतीस जानेवारीला. जुनं पॅकेज पुढची तारीख अठ्ठावीस फेब्रुवारी देत होतं, नव्यात आली तीन मार्च. फेब्रुवारी गायबच!

तिने टीमच्या प्रमुखाला, पंकजला फोन लावला.

“हे एक जुन्यावरच ठेवते, नव्यात तारीख चुकतेय. बाकीची घेतलीत.”

“अगं, जुन्यात सुरक्षेची त्रुटी आहे म्हणून तर बदलतोय. संध्याकाळी फ्रीझ आहे.”

“त्रुटी ज्या भागात आहे, तो आपण वापरतच नाही.”

“नक्की?”

“मला तरी तसंच दिसतंय. अजून कुणी बघितलं तर बरं होईल.”

“कुणाला वेळ आहे? तूच ठरव. निर्णय तुझ्या नावावर टाकतो.”

फोन बंद झाला. शीतलने सगळा कोड पुन्हा चाळला. शेवटी तिने जुनंच पॅकेज कायम केलं, कारण लिहिलं आणि लॅपटॉप मिटला.

रिलीज बाहेर पडलं. काही बिघडलं नाही. कंपनीच्या ग्रुपवर ॲपच्या नव्या रंगसंगतीचं कौतुक झालं, पॅकेजचा विषयच निघाला नाही.

रविवारी ती एसटीने घरी गेली. आई ओट्यावर वाल सोलत होती.

“सुकलीस गो. काम लय व्हता का?”

“एक गोष्ट बदलायची होती, आये. मी नाय बदलली.”

“मंग?”

“मंग काय नाय झालं.”

आईने तिच्याकडे नीट पाहिलं. “दमली असशील. आजची रात रा,” एवढंच ती म्हणाली.

शीतल शेजारी बसून वाल सोलू लागली. आपण काय टाळलं, हे आईला कितीही समजावलं तरी पोचणार नव्हतं, आणि ज्यांना पोचलं असतं त्यांनी विचारलं नव्हतं. ती त्या रात्री राहिली. पहाटेच्या पहिल्या गाडीने परतली, तेव्हा आईने डब्यात वालाची भाजी आणि दोन भाकऱ्या बांधून दिल्या होत्या.