लेकीला न शिकवलेलं काम

शेवटचं भेटले तेव्हा वहिनीची बोटं चालू होती. तळेगावच्या दवाखान्यातल्या खाटेवर ती उताणी पडलेली, डोळे अर्धवट मिटलेले, आणि उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी पांघरुणावरून काहीतरी चिमटीत धरून अलगद उचलत होती. उचलायचं, बाजूला टाकायचं, पुन्हा उचलायचं. नर्स म्हणाली, "भ्रमात आहेत, पेशंट असं करतात." पण वहिनी काय करतेय ते मला दिसत होतं. ती अक्षरांच्या पोटातला कचरा काढत होती... 'व'च्या गोलातला, 'ळ'च्या दोन डोळ्यांतला. मशीनवर कापून निघालेल्या रेडियमचा नको तो भाग चिमट्यानं उचलायचा आणि अक्षर तेवढं मागं ठेवायचं, हे काम तिनं कार्ला गावातल्या तिच्या दुकानात इतकी वर्षं केलं होतं की हातांना आता शुद्धीची गरज उरली नव्हती. मध्येच तिनं डोळे उघडले, मला ओळखलं.

"वन्सं, गौरीला मशीनवर बसू देऊ नगा."

"नाही देणार."

"तात्पुरतं बी न्हाई."

"तात्पुरतंसुद्धा नाही, वहिनी."

तिनं मान हलवली आणि बोटं पुन्हा कामाला लागली. दुसऱ्या दिवशी मी वडगावला ऑफिसात असताना दादाचा फोन आला. "सुमे, अलका गेली गं," एवढंच म्हणाला आणि फोन चालूच ठेवला. मागं कुणीतरी ॲम्ब्युलन्सवाल्याला रस्ता सांगत होतं, तेच मी बराच वेळ ऐकत राहिले.

अलकावहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. ती लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा मी अकरावीला होते. मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. हे मी अभिमानानं सांगते, कुणी विचारलं नाही तरी सांगते. पण ती पदवी मला मिळाली त्यात वहिनीचा वाटा आहे. भातलावणीच्या दिवसांत आई मला हाक मारायला लागली की ती ओट्यावरूनच म्हणायची, "त्यांच्या वाटचं मी करते, त्यांना वाचू द्या." आणि मला हळूच, "नापास झाला तर मात्र गाठ माज्याशी हाय, वन्सं." वयानं माझ्यापेक्षा फार मोठी नव्हती. पण तिला दहावीनंतर शाळा मिळाली नव्हती. तिच्या वडिलांची पिठाची गिरणी होती. वडिलांचा हात पट्ट्यात सापडला तेव्हा हिला गिरणीवर बसवली... हात बरा होईपर्यंत, तात्पुरती. हात बरा झाला, पण गिरणीवर ही बसतेच आहे म्हणून वडील शेताकडं बघायला लागले, आणि ही थेट लग्नाच्या बोहल्यावर चढायलाच तिथून उठली. "तात्पुरतं लय लांब असतंय वन्सं," ती म्हणायची, "त्याला टोकच नसतंय."

दादाची कंपनीतली कंत्राटी नोकरी सुटली आणि त्याची पाठही त्याच सुमारास गेली, तेव्हा वहिनीनं हे काम काढलं. कार्ल्याला रस्त्याकडेच्या गाळ्यात एक कापायचं मशीन, एक जुना कॉम्प्युटर आणि कापडावर छाप गरम दाबायचा एक प्रेस. काचेवर तिनं स्वतः कापून नाव लावलं, 'अलका रेडियम'. खरं तर त्या चिकट रंगीत कागदाला विनाइल म्हणतात. अंधारात चमकणारं तर त्यातलं थोडंच असतं. पण आमच्याकडे टेम्पोवरच्या नावापासून टी-शर्टवरच्या छापापर्यंत सगळ्याला रेडियमच म्हणतात, आणि वहिनीनंही कुणाची चूक दुरुस्त करायच्या भानगडीत न पडता तोच शब्द बोर्डावर घेतला. दादाचं नाव न लावता स्वतःचं लावलं म्हणून भावकीत थोडं कुजबुजलं. तिनं सांगितलं, "त्येंचं नाव सातबाऱ्यावर हाय की. काचंवर माजं असूं द्या."

शिकवणारं कुणी नव्हतं. मशीन विकणाऱ्यानं अर्धा दिवस दाखवलं, बाकी सगळं मोबाइलवर बघून. पातं किती बाहेर काढायचं, तर वरचा रंगीत पापुद्रा कापला गेला पाहिजे आणि खालचा कागद शाबूत राहिला पाहिजे, इतकंच. जास्त झालं तर कागदासकट आरपार, कमी झालं तर अक्षर उचलताना फाटणार. काचेवर लावायचं ते सरळ कापायचं आणि कापडावर दाबायचं ते उलटं, आरशातल्यासारखं. हे तिला पटकन जमलं. अडलं ते वेगळ्याच ठिकाणी, आणि ते मोबाइलवरच्या कुठल्याच इंग्रजी शिक्षकाला सांगता येणार नव्हतं. बैलगाडा शर्यतीसाठी गावातल्या बबनआबांनी टी-शर्ट सांगितले होते, पाठीवर मोठ्या अक्षरांत 'गाडामालक'. कॉम्प्युटरवर शब्द छान दिसत होता. कापून निघाला आणि वहिनी कचरा काढायला लागली तर शब्दाचे तुकडे व्हायला लागले. 'ग'चा काना वेगळा, 'ड'ची मान वेगळी, वरची रेघ जागोजागी चिरलेली. तिनं ते तसंच चिकटवून एक शर्ट दाबला. आबांनी तो हातात धरून लांब नेला, जवळ आणला.

"सूनबाई, ह्यो गाडा मोडल्यावरचा मालक दिसतोय."

"आबा, तुमचा गाडा जसा पळतोय तसाच छापलाय," वहिनी म्हणाली. आबा हसले, पण शर्ट परत ठेवून गेले.

त्या रविवारी मी गेले तेव्हा ती मशीनपुढं रुसून बसली होती. आम्ही दोघींनी मिळून कारण शोधलं. इंग्रजी अक्षरं सुटी उभी राहतात, पण आपल्या प्रत्येक अक्षराला स्वतःची शिरोरेघ असते आणि ती शेजारच्या अक्षरावर थोडी चढते. आपल्याला डोळ्यांना एकच रेघ दिसते, पण मशीनला सगळ्या वेगळ्या दिसतात, आणि जिथं जिथं एकावर एक चढली असेल तिथं तिथं ते इमानदारीनं कापत जातं. कापायच्या आधी सगळा शब्द एकजीव करून घ्यायला हवा होता. मी कॉम्प्युटरवरची इंग्रजी नावं एकेक वाचत गेले. 'वेल्ड' म्हटल्यावर तिनं मला थांबवलं.

"म्हंजे ते शेजारच्या गाळ्यात ग्रिलचं करत्यात ते? वेल्डिंग?"

"तेच."

"मग कवापास्नं काय वाचताय? आदी ह्येच सांगायचं की."

तेव्हापासून तिचा शब्द झाला रेघ सांधणं. काचेवरचं स्वतःचं नावही तिनं काढून, रेघ सांधून नव्यानं लावलं. तिच्या दुकानातून निघालेलं नाव एका टोकाला धरून उचललं तर सगळंच्या सगळं उचललं जायचं. याचा तिला भारी गर्व होता आणि तो ती लपवायची नाही. आपल्या हवेत कापड कधी कोरडं नसतं, म्हणून ती आधी नुसताच शर्ट प्रेसखाली दाबायची. वाफ निघून गेली की मग वर अक्षरं ठेवायची. "लोनावळ्यात छापून आनलेला शर्ट दोन धुण्यात सोलतोय," हे वाक्य तिनं प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवलं. डोंगरावरच्या देवीच्या दर्शनाला येणारी मंडळं, शर्यतवाले, टेम्पोवाले, होम-स्टेवाले सगळे तिच्याकडे यायला लागले. टेम्पोच्या कपाळावर 'कै.' लिहायचं असलं की ती आधी माणसाचं वय विचारायची. तरुण असला तर दिवसभर बोलायची नाही.

गौरी, तिची एकुलती एक मुलगी, शाळा सुटली की दुकानात यायची. सगळ्या मुलांना असतं तसं तिलाही त्या मशीनचं वेड. एकीकडून कागद जातो, पुढं मागं होतो आणि अक्षरं तयार होतात... वहिनी तिला बाकड्यावर बसवायची, तोंड रस्त्याकडं करून. "हात लावू नगंस. अभ्यास काढ." चिमटासुद्धा तिनं कधी तिच्या हातात दिला नाही. मला ते जास्तच कडक वाटायचं. एकदा म्हटलंही, "अहो, शिकली तर काय बिघडलं? कला आहे." वहिनी म्हणाली, "येतंय म्हनून कळलं की बसवत्यात, वन्सं. मला गिरनी येत होती."

पोटाचा कॅन्सर कळला तेव्हा फार उशीर झाला होता. औषधांनी तिच्या बोटांची टोकं बधिर झाली. चिमटा हातातून गळायचा, तर ती तो रबरबँडनं बोटांना बांधून घ्यायची आणि बारीक अक्षरं नाकापर्यंत आणून कचरा काढायची. प्रेसचा दांडा दोन्ही हातांनी ओढूनही खाली येईना, तेव्हा अंग टाकायची त्याच्यावर. पोळल्याचं तिला कळायचं नाही, वास आला की कळायचं. गौरी तेव्हा तळेगावला कॉलेजात जायला लागली होती, सायन्सला. दादा रोज म्हणायचा, पोरीला दाखव, तुझा भार हलका होईल. एकदा माझ्यासमोर जुंपली.

"मी मेल्यावर बी न्हाई दाखवनार."

"मेल्यावर कशी दाखवशील?" दादा म्हणाला.

गौरी पुस्तक मिटून आत गेली.

वहिनीचा दहावा झाला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत बबनआबा दुकानात आले. माणूस सज्जन. आधी वहिनीबद्दल बोलले, डोळे पुसले, मग चाचरत म्हणाले की यात्रा तोंडावर आलीय, पोरांचे शर्ट कुठं टाकावेत? तुमच्या घरातून होणार असतील तर दुसरीकडं जायचं मनाला बरं वाटत नाही. दादानं गौरीकडं बघितलं. आणि तो शब्द आला.

"गौरे, तात्पुरतं बस. परीक्षा झाली की बघू."

दादा वाईट माणूस नाही. तो खचला होता. दुकान बंद पडलं की अलका दुसऱ्यांदा जाईल असं त्याला वाटत होतं, आणि हे त्यानं मला रडत सांगितलं. पण गिरणीवाल्या वडिलांनाही असंच काहीतरी वाटलं असणार. आणि खरं सांगायचं तर गौरीला बळजबरी करावीच लागली नाही. ती अशी उठली जशी वाटच बघत होती. आईच्या खुर्चीवर बसली, शब्द टाइप केला, उलटा करून घेतला. एवढं तिनं बाकड्यावरून मान वळवून बघून ठेवलं होतं. पातंही तिनं नीट लावलं. मशीन चाललं. मग चिमट्यानं कचरा उचलायला लागली, आणि शब्द तुटायला लागला. पुन्हा कापलं, पुन्हा तेच. मोबाइलवर शोधलं, तिथं सगळे इंग्रजीत 'हॅपी बर्थडे' कापत होते. वरची चिरलेली रेघ ती नखानं जुळवत बसली. मला ते बघवेना.

"सुमे, तू असायचीस ना रविवारी," दादा म्हणाला. "तुला काय सांगितलं होतं का तिनं?"

"मला नाही माहीत," मी म्हटलं.

बबनआबांनी शर्ट लोणावळ्यात टाकले. मग कामं हळूहळू थांबलीच. मी गौरीला घोरावाडीला माझ्या घरी आणलं, कॉलेज तिथून जवळ. दादानं पुढं ताणलं नाही. कामशेतच्या एकानं मशीन आणि प्रेस दोन्ही घ्यायचं कबूल केलं, गाळा चिक्कीच्या पॅकिंगसाठी गेला.

सामान न्यायला टेम्पो आला त्या दिवशी आम्ही सगळे तिथं होतो. दोन माणसांनी प्रेस उचलून ठेवला, मशीन गोधडीत गुंडाळलं. गाळ्याच्या नव्या मालकाला काच कोरी हवी होती. त्याचा माणूस पत्रा घेऊन खरवडायला निघाला, तर गौरी म्हणाली, "थांबा, मी काढते." तिनं केस वाळवायचं मशीन लावून काच गरम केली, 'अलका'चं एक टोक नखानं सोडवलं आणि ते वर न ओढता मागं मोडून, काचेला चिकटून, सावकाश ओढत गेली. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. सगळं नाव एका तुकड्यात तिच्या हातात आलं, रेघेला लटकलेलं. तिनं ते उजेडात धरून रेघेवरून बोट फिरवलं.

"आत्या, ही रेघ कुठंच तुटलेली नाही. आईनं कसं केलं असेल गं हे?"

टेम्पोवाला दोरी आवळत होता. दादा दारात उभा होता, त्यालाही ऐकू गेलं. मी एक शब्द सांगितला असता तर त्यानं टेम्पो थांबवला असता. त्याच्या तोंडावर ते दिसत होतं, आणि तिच्याही. ज्या पोरीची आई जाऊन तीन महिनेही झाले नव्हते, ती आईच्या हाताची एक खूण मागत होती, आणि ती माझ्याकडं होती.

"मला नाही गं माहीत," मी म्हटलं.

टेम्पो गेला. मशीन आता परत यायचं नाही, म्हणून हे सगळं पेपरसाठी लिहिते आहे. दादा वाचेल, वाचू दे. गौरीही वाचेल, तिला रविवारची पुरवणी लागते. मग तिनं माझ्याशी बोलायचं बंद केलं तर तेही मी सोसेन. कॉलेज मात्र बंद होणार नाही.

ते नाव तिनं माझ्या घरी तिच्या कपाटाच्या दाराला आतून लावलंय. एकदा निघालेल्या रेडियमला पुन्हा धरायची ताकद नसते. सकाळी कपाट उघडलं की एक टोक सुटून लोंबत असतं. ती पुस्तकं काढते, अंगठ्यानं ते टोक दाबून धरते... आणि दार लावून घेते.