गंज

मुलुंडच्या सोसायटीत चंद्रप्रकाश तावड्यांची लाल गाडी म्हणजे चेष्टेचा विषय. जुनी, इटालियन, दोनच सीटची स्पोर्ट्स कार. त्यात तिचं इंजिन पुढे नाहीच, सीटच्या पाठीमागे. साधा प्लग बदलायचा तरी दोन्ही सीट काढा, मागचा पत्रा वरच्या गालिच्यासकट सोडवा, मग कुठे इंजिनाचं दर्शन. तावड्यांनी पंचवीस वर्षं हे सगळं एकट्याने केलं. दुसऱ्याचा हात इंजिनाला लागू द्यायचा नाही, हा हट्ट.

मणक्याचं ऑपरेशन झालं आणि हट्ट जागच्या जागी बसला. गाडी वर्षभर बंद. शेवटी मुलगी गंधाली म्हणाली, "बाबा, दसऱ्यापर्यंत चालू झाली तर ठेवू. नाही तर विकून टाकू ना यार, किती दिवस धूळ खात ठेवायची?"

तावडे हबकले. बायको, शेवंती, जाऊन दोन वर्षं झालेली. आता गाडीही गेली तर सकाळी उठून करायचं काय? मग त्यांनी युक्ती काढली. सीटना बिजागऱ्या लावून त्या पुढे कलत्या करायच्या आणि मागच्या पत्र्यात दार कापायचं. वाकायला नको, उचलायला नको, हात घातला की इंजिन.

वॉचमनने एकदाच्या सीट काढून दिल्या. तावड्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पत्र्यावरचा गालिचा सोलला. डाव्या सीटमागे त्याचा कोपरा कधीचा सुटलेला होता. चिकटवू चिकटवू म्हणत राहूनच गेलेला. त्या कोपऱ्याखाली पत्रा लालसर दिसला.

"लागली वाट," ते पुटपुटले. गंजलेल्या पत्र्यावर दार टिकत नाही. त्यांनी फडकं रॉकेलमध्ये बुडवलं आणि घासायला घेतलं. लाल भराभर निघालं. वरून पॉलिश पेपर मारला. पत्रा लख्ख झाला तशी स्वारी खूश झाली. खाली पडलेली धूळ त्यांनी तळहातावर घेतली. तिच्यात तांदळाचे दाणे होते, पिवळे पडलेले.

गंजाला अक्षता कुठून येतील?

दर दसऱ्याला शेवंती ताट घेऊन गाडीच्या पुढे उभी राहायची आणि तावडे सगळ्यांदेखत हसायचे, "अगं, तिथे स्टेपनी आहे. स्टेपनीची पूजा करतेस?" तीही ठसक्यात मालवणीत सांगायची, "गाडयेचा त्वांड जंय, थंयच कुंकू." पुढे पुढे तिने उत्तर देणं सोडलं. दसऱ्याच्या सकाळी किल्ली मागून घ्यायची, "आतून पुसून येते" म्हणायची आणि एकटीच खाली जायची. किल्ली देताना तावड्यांनी वर मान करूनही कधी पाहिलं नव्हतं.

त्यांनी फडकं उलगडून पाहिलं, तर ते कुंकवाने लालभडक झालेलं. सवाष्ण गेली हो, भाग्याची, असं त्या दिवशी सगळी बिल्डिंग म्हणत होती. आणि तिचं कुंकू आज त्यांनी रॉकेल लावून पुसलं होतं. त्यांना स्वतःची भयंकर चीड आली. पत्र्यावर एक ठिपकासुद्धा उरला नव्हता. बोटाने चाचपून पाहिलं, तर बोटाला नुसता रॉकेलचा वास आला.

दार मात्र त्यांनी कापलं. न कापून आता वाचवायचं तरी काय होतं?

दसऱ्याच्या सकाळी सीट पुढे कलली, दार उघडलं, तावड्यांनी हात घालून शेवटचा नट आवळला. दोनदा खोकून गाडी सुरू झाली. गॅलऱ्यांमधून टाळ्या पडल्या. "झकास, बाबा!" गंधाली ओरडली आणि ताट घेऊन धावत आली. पुढे गेली, थबकली, हसली. त्यांचा जुना विनोद तिलाही पाठ होता.

"कुठे लावू? स्टेपनीला की इंजिनाला?"

तावड्यांना हसता आलं नाही.

"पुढेच लाव," ते म्हणाले. "मागे तुझी आई लावायची. मी पुसलं गं ते. मला गंज वाटला."