आबांच्या पायाखालचा निखारा

देवपुरात आमच्या शेजारी कुणी काड्यांवर वांगी भाजायला घेतली, की मी खिडकी लावून घेते. त्या खमंग वासानं मला अजूनही राग येतो.

यावलजवळच्या आमच्या केळीच्या मळ्यात एका हिवाळ्यात भरीत पार्टी होती. कपाशीच्या काड्या धडधडत होत्या, वांग्यांची सालं तडतडत होती. माझे वडील, आबा, जाळाजवळ अनवाणी उभे राहून गप्पा मारत होते. मधेच मला वेगळा वास आला, कातडं जळल्याचा. खाली पाहिलं, तर त्यांचा पाय निखाऱ्यावर होता आणि आबा हसत होते.

"आबा, पाय!" मी ओरडले.

"काय झालं वं?" त्यांना काहीच कळलं नव्हतं.

तेव्हा तो मला अपघात वाटला. आज वाटत नाही. आबांना कितीतरी वर्षं साखरेचा आजार होता. पाय बधिर होतात, असं ते गावातल्या डॉक्टरला दर खेपेला सांगत. "वय झालं आबा, असं व्हायचंच," म्हणत तो त्याच गोळ्या द्यायचा. वय म्हणे! रोज केळीचे घड उचलणारा माणूस होता तो!

जखम चिघळत गेली. जळगावला त्यांचा पाय घोट्याच्या वर कापावा लागला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "याआधी तुमचे पाय कुणी तपासलेच नाहीत?"

आबा पट्टीकडे पाहत म्हणाले,

"कोनी चप्पल काढाले सांगतलंच नही, बाई."