शिवकन्येची जन्मतारीख

चतुराबाईंचा दिवस अंगणवाडीचं कुलूप काढण्याआधी एका स्तोत्रानं सुरू होई. गंगाखेडजवळच्या त्या गावात ख्रिस्ती घर त्यांचं एकटंच. बाकी सगळी स्तोत्रं त्या मोठ्यानं वाचत; एक मात्र मनातल्या मनात उरकत. त्यात तो भक्त थेट देवाला सांगतो, मी सरळ चाललोय, हवं तर तपासून बघ. एवढी छाती आपली नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

कारण एकवीस वर्षांपूर्वी, नोकरी नवी असताना, पंधरा वर्षांच्या पंचफुलाला अठराची ठरवणारी चिठ्ठी त्यांनीच लिहून दिली होती. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी लागते. तिला कोयताच म्हणतात. लग्नाच्या आठव्या दिवशी पंचफुलाचा कोयता झाला, आणि पहिलं बाळ ती फडातच गमावून आली.

आता तिची लेक शिवकन्या पंधराची झाली होती. चुलता महारुद्र टोळीचा मुकादम. पुतणीच्या वयापेक्षा त्याला कोयत्यांची फिकीर जास्त. हंगामाआधी तिचं लग्न उरकायचं त्यानं ठरवलं, तर कुणीतरी तक्रार केली. आधार कार्डावरची जन्मतारीख त्यानं आधीच फिरवून आणली होती. खरी उरली होती ती अंगणवाडीच्या रजिस्टरात, आणि ते बघायला उद्या तालुक्याहून साहेब येणार होते.

"ताई, दोन हजार दहाचं सात करा. किती येळ लागतोय?" महारुद्र अंगणवाडीत येऊन म्हणाला.

"न्हाई व्हायचं."

"मग नोकरी बी ऱ्हायची न्हाई. गावात एकट्या हाव तुमी. पाठीशी कोन हाय तुमच्या?"

 रजिस्टर छातीशी धरून चतुराबाई म्हणाल्या, "जो हाय त्यो बघून घील. आकडा बदलनार न्हाई मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एरवी मनातच उरकायचं स्तोत्र त्यांनी मोठ्यानं वाचलं. शेवटच्या ओळीपर्यंत थांबल्या नाहीत. नोकरी गेली तर जाऊ दे, फक्त हात डळमळू देऊ नकोस, एवढं आपलं पदरचं जोडलं.

अंगणवाडीपुढे महारुद्र चार गडी घेऊन उभा होता. पायरीवर पंचफुला बसली होती. ही दिराचीच बाजू घेणार, असं चतुराबाईंना वाटलं.

"बाई," पंचफुला उठून म्हणाली, "माझ्या टायमाला तुमी खोटं लिव्हलाव. ठावं हाय मला."

जमीन दुभंगली तर बरं, असं चतुराबाईंना झालं. पण त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, "व्हय, लिव्हलं. चूक माझीच."

"मंग आज खरं दाखवा. सायेब येईस्तवर मी हितून हालत न्हाई. भावजी, सरका मागं!"

आणि ती चौघा गड्यांकडं तोंड करून दारात उभी राहिली. तिच्या पाठीला पाठ लावून चतुराबाईंनी कुलूप काढलं.