पुस्तकातला खुनी आणि पडद्यावरचा

पुस्तकात खुनी लपवणं सोपं असतं. 'कोणीतरी मागचं दार उघडलं,' असं लिहिलं की लेखक मोकळा. सिनेमावाल्याला मात्र ते 'कोणीतरी' आणून उभं करावं लागतं. त्याला हात लागतात, पाय लागतात, उंची लागते. मग बिचारा नुसते बूट दाखवतो, नाहीतर काळे हातमोजे. नागपुरात मे महिन्यात हातमोजे घालून फिरणारा माणूस खून करायच्या आधी घामोळ्यांनीच जेरीस येईल, पण पडद्यावर सगळं खपतं. कादंबरीवरून सिनेमा आला की मी आधी हेच बघते, की लेखकाने शब्दांनी झाकलेलं यांनी कशाने झाकलं. ही खोड मला माझ्या मोठ्या भावाने, दादाने लावली.

आमच्या लहानपणी इतवारीत, भांड्यांच्या दुकानांमधल्या एका बोळात, भाड्याने पुस्तकं देणारा एक दुकानदार होता. त्याच्याकडच्या निम्म्या कादंबऱ्यांच्या मुखपृष्ठावर सुरा असायचा आणि उरलेल्यांवर पिस्तूल. आमचे बाबा धम्म घेतलेल्या पिढीतले. त्यांच्या वडिलांच्या हाती कोणी पुस्तक पडू दिलं नव्हतं, म्हणून या घरात कोणाच्याही हातातून पुस्तक काढून घ्यायचं नाही, असा त्यांनी नियम केला होता. त्या नियमाचा आम्ही दोघांनी पुरेपूर फायदा घेतला. रक्ताळलेल्या सुऱ्याचं पुस्तक आम्ही त्यांच्यासमोर राजरोस उघडून बसायचो. ते एकदा आमच्याकडे, एकदा त्या सुऱ्याकडे बघायचे आणि वंदनेला जाऊन बसायचे.

वाचलेल्या कादंबरीवर पिक्चर आला की आमच्या घरात लगीनघाई. टॉकीजमधून परतताना वाटभर भांडण. दादा गाणी माफ करायचा, पावसातली मारामारीही माफ करायचा, पण खुनी बदललेला त्याला खपायचा नाही. "पुस्तकात असं नोतं!" हे तो टॉकीजमध्येच मोठ्याने म्हणायचा. मी म्हणायचे, वाचलेल्यांनाही धक्का बसावा म्हणूनच तर बदलतात. तो म्हणायचा, मग स्वतःची गोष्ट लिहा, दुसऱ्याचं पोर पळवून त्याचं नाक काहून बदलता? दोघांची लग्नं झाली, केस पिकले, तरी हे चालूच राहिलं. वहिनीला खुनाचे पिक्चर आवडत नाहीत. पैसे देऊन घाबरायला कोण जातं, असं तिचं म्हणणं. त्यामुळे पिक्चरला दादा आणि मी, हे ठरलेलंच.

मग दादाला काचबिंदू झाला. हा आजार पायरव न करता येतो. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी तपासलं तोवर बरंच गेलं होतं, आणि गेलेलं परत येत नाही हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. उरलेलंही वर्षभरात गेलं. दादा काठी घेऊन चालायला शिकला, चहा न सांडता कपात ओतायला शिकला. पण घरात टीव्ही लागला की उठून आतल्या खोलीत जायचा. पुस्तक वाचून दाखवू का विचारलं, तर म्हणाला, "राहू दे." मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगते, रागही आला. जगात माझ्याशी असं भांडणारा एकच माणूस होता आणि तो आतल्या खोलीत जाऊन बसला होता.

परवा आम्ही दोघांनी फार पूर्वी वाचलेल्या एका कादंबरीवर सिनेमा आला. एका धान्याच्या व्यापाऱ्याचा खून होतो आणि घरचा डॉक्टरच खुनी निघतो, अशी ती गोष्ट. मी जाऊन दादाच्या मागे लागले. तो नाही म्हणाला, मी हटले नाही. शेवटी वैतागून म्हणाला, "तुह्या समाधानासाठी येतो. पण हा शेवटचा. यानंतर माह्यासमोर पिक्चरचं नाव काढाचं नाही. कबूल?"

मी कबूल म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पण मनात पक्कं ठरवलं की दादाला हा पिक्चर असा दाखवायचा, की त्याला शेवटचा म्हणवणार नाही.

दुपारचा खेळ होता. अंधार झाला आणि मी दादाच्या कानाला लागले. आता गोदाम दिसून राहिलं, आता पोत्यांमागे सावली, आता बूट, काळे बूट. एक धमकीचा फोन येतो, व्यापाऱ्याचा चेहरा पडतो. मी काहीही सोडलं नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरचा रंगसुद्धा सांगितला. पुढच्या रांगेतला एकजण दोनदा वळून "श्श" म्हणाला. तिसऱ्यांदा वळला तेव्हा माझं डोकं फिरलं. "माह्या भावाले दिसत नाही, म्हणून सांगून राहिली. तुमाले काय त्रास आहे?" आजूबाजूची माणसं बघायला लागली. दादाने मान खाली घातली. मध्यंतरापर्यंत ती खालीच होती. याला परत आणायला निघाले आणि चारचौघांत मीच त्याची शोभा केली.

दिवे लागले. मी पॉपकॉर्नचं विचारलं. तो म्हणाला, "पॉपकॉर्न राहू दे. तू चूप राहशील का?"

"काहून गा दादा? काही चुकलं?"

"तू सांगतं ना, तवा मले तूच ऐकू येतं. पिक्चर ऐकूच येत नाही. आता मले पाहू दे."

जरा वेळाने तो स्वतःशीच हसला. "समजलं मले, कोण आहे तो."

"त्यात काय समजाचं? डॉक्टर. पुस्तकातच तर आहे."

"पुस्तकातला पुस्तकात राहू दे वं," दादा म्हणाला. "तो फोनवाला आवाज जाड करून बोलते. पण बोलाची चाल कशी बदलवंन? वाक्य संपता संपता थांबते अन् शेवटचा शब्द हळूच ठेवते. तसं या पिक्चरमंदी एकच माणूस बोलते."

"कोण?"

"सांगत नसतेत."

मी चाटच पडले. ज्या माणसाला मी कॅलेंडरचा रंग सांगत होते, त्याने माझी बडबड मधे असतानाही खुनी हुडकला होता. मला कळेना, हे सिनेमावाल्यांना सुचलंच नसेल का? त्यांनी चेहरा झाकला, हात झाकले, आवाजही बदलला. फक्त डोळस माणसं फसवायची एवढंच धरून चालले असतील का?

उत्तरार्धात मी तोंड शिवून बसले. सांगायचं काहीच नसल्यामुळे मी दादाकडे बघू लागले. त्याची मान वर आली होती. फोन वाजला की तो जरा पुढे झुकायचा. पोलीस डॉक्टरला पकडतात तेव्हा तो ओठ दाबून हसला, म्हणजे पोलीसही फसले तर! मग व्यापाऱ्याचा वकील बोलायला लागला आणि दादाची बोटं खुर्चीच्या हातावर टकटक करू लागली. पुस्तकात या वकिलाला जेमतेम दोन प्रसंग. आता त्याला कोणीतरी, फोनवर काय बोलला होतास ते पुन्हा बोल म्हणालं. पुस्तकात इथे खुनी पानभर कबुली देतो. पण सिनेमात कोणी बोलेना, संगीतही थांबलं. फार वेळ काहीच नाही. मग एकदम सगळं थिएटर दचकलं, मागून एक बाई "आई गं!" म्हणाली, आणि नावांच्या पाट्या सुरू झाल्या.

दादाचा चेहरा फुलला होता. "वकील! म्हटलं नोतं?" नंतर त्याने माझं मनगट धरलं. "पण पुस्तकात असं नोतं. तिथं तो बोलते. इथं सगळे चूप झाले तवा काय झालं? काय केलं त्यानं? लोकं काहून दचकले?"

मला काय माहीत!

"सांग ना वं. आता बोल म्हणून राहिलो, तर चूप."

"दादा, मी पाह्यलंच नाही," मी म्हटलं. "मी पडद्याकडे पाहूनच नोती राहिली. तुह्याकडे पाहत होती."

माणसं आमच्या पायांवरून बाहेर जात होती. झाडूवाला आत आला. दादाने खुर्चीखाली चाचपून काठी काढली, उभा राहिला, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बह्याडच आहे तू, येडी," तो म्हणाला. "मंग पुन्हा यावं लागन. पण या खेपेले पडद्याकडे पाहजो."