मीठ सोडल्याचा मान

ही गोष्ट माझ्या तोंडून अजून बाहेर पडलेली नाही — बायकोजवळसुद्धा नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमतंय.

शिवाजी पेठेत लोक मला मान देतात, ते दुकानामुळे नव्हे, मी मीठ सोडलंय म्हणून. आम्ही जैन. पर्युषणात कुणी उपास धरतं, कुणी तूप, दूध, मीठ असा एखादा रस सोडतं. मी मात्र बारा महिने अळणी जेवतो. बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, त्यासाठी मला शाल-नारळ मिळाला. मी मान खाली घालून घेतला — काय शोभत होता नम्रपणा!

खरं सांगू? व्रत वगैरे काही नव्हतं. बीपी होतं. डॉक्टर म्हणाले, मिठानं सगळ्यांचं बीपी सारखं चढत नाही. काहींचं शरीर मीठ बाहेर टाकायला कुचराई करतं, आणि ही खोड बऱ्याचदा जनुकांतून, आईबापांकडूनच येते. आमचे वडील पक्षाघातानं गेलेले. तेव्हा सख्ख्या भावाला लगेच तपासून घ्या, असं डॉक्टरांनी बजावलं — दोनदा बजावलं.

भाऊ म्हणजे धाकटा भूपाल. पलीकडच्या गल्लीत त्याचं भडंगाचं दुकान. दिवसभर खारे शेंगदाणे तोंडात टाकत काम करायचा.

मग का नाही सांगितलं? सांगणार होतो की. पण त्याच आठवड्यात एका पंगतीत मी आमटी परत केली, मीठ चालत नाही म्हटलं, आणि समोरच्यानं हात जोडले. व्रत समजला तो. मी नाही म्हणालो नाही — एवढंच. पुढं भूपालला खरं सांगायचं म्हणजे तो सगळा मान घालवायचा. त्याच्या पोटात काही राहत नाही. संध्याकाळपर्यंत पेठभर झालं असतं.

एकदा तो माझ्या दुकानात येऊन बसला. डोकं जड झालंय म्हणाला, मान धरलीय. मला कळलं — सगळं कळलं. आणि मी काय केलं? त्याला बाम दिला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याची उजवी बाजू गेली. वाचाही अर्धी गेली. त्याची बायको सुनंदा दवाखान्याच्या दारात मला म्हणाली, "अण्णा, तुमी व्रत पाळलं म्हणून वाचलासा. आमास्नी न्हाय जमलं."

यावर माणसानं काय बोलावं? मी तिला संयमाचं महत्त्व सांगितलं. होय, सांगितलं. माझीच मला किळस येते.

यंदा पर्युषण संपल्यावर, क्षमावाणीच्या दिवशी, रिवाजाप्रमाणे सगळे एकमेकांची क्षमा मागत होते. भूपालला खुर्चीत बसवून बस्तीत आणलं होतं. माझ्यासमोर आल्यावर त्यानं डावा हात कसाबसा कपाळाला नेला. शब्द निघायला वेळ लागला.

"अण्णा — तुला लई तरास दिला. क्षमा कर."

मी म्हणालो, "केली."